गाडी चालू आहे

"अहो, तो पाइप सरकवा की जरा."

"सरकवा म्हणे! टर्बोचा पाइप आहे तो, पलंग आहे का सरकवायला?"

तो गाडीखाली उताणा, बायको वरून बॉनेटमध्ये वाकून टॉर्च धरून. जुना सेल्फ, म्हणजे गाडी चालू करणारी मोटर, तिने नुकताच बाहेर उचलून ठेवला होता. भलामोठा भोपळा. गाडीचा जोर वाढवायला टर्बो बसवल्यापासून धुराचा तो तापलेला पाइप या सेल्फला जवळजवळ चिकटूनच जायचा आणि त्याला भाजून काढायचा. गाडी गार असली की शहाण्यासारखी चालू व्हायची. तापलेली बंद केली की संपलं. किल्ली फिरवा नाहीतर देवाचा धावा करा, साधं टक् सुद्धा वाजायचं नाही.

गिऱ्हाइकांच्या गाड्या हा माणूस डोळे मिटून उघडायचा आणि जोडायचा. सगळा बाजार त्याला टर्बोच म्हणायचा, आणि त्याला ते आवडायचंही. स्वतःच्या गाडीचं मात्र बघू, करू, होईल. तापली की बंदच करायची नाही, हा त्याचा इलाज. काय पण इलाज! दुकानापुढे गाडी चालू, पंक्चरवाल्यापुढे गाडी चालू, आईच्या दारातही चालूच. आवाज ऐकून आई फाटकाबाहेर यायची, खिडकीतून औषधं घ्यायची, खिडकीतूनच डबा द्यायची.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"येतो गं मग, गाडी चालू आहे."

"जा बाबा जा," आईच उलट घाई करायची, "गाडी चालू आहे तुझी."

नवा सेल्फ जुन्याच्या निम्माही नव्हता. त्याचं तोंड फिरवून वायरीची बाजू त्याने पाइपापासून लांब घेतली, मध्ये पत्र्याचा तुकडा आडवा लावला आणि सेल्फ जागेवर दाबून धरला. वरचा बोल्ट मुकाट्याने बसला. खालच्याने नाकी नऊ आणले. पाना जेमतेम बोटभर फिरायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा बोटभर. बोटांची सालटी निघाली. शेवटी एकदाचा बोल्ट आवळला आणि तो खालून ओरडला, "बसला!"

गाडी दामटून, चांगली तापवून त्याने परत आणली आणि वर्कशॉपच्या दारात बंद केली. किल्ली फिरवली. चालू! पुन्हा बंद केली. पुन्हा चालू! तो नवं खेळणं मिळाल्यासारखा हसला. बायको हसली नाही.

"एवढंसंच काम होतं?"

"एवढंसंच."

"आणि आधी तापलेली बंद केली, तर परत चालू कधी व्हायची?"

"गार झाली की. अर्ध्या तासाने."

"म्हणजे आईंच्या दारात बंद केली असती, तर अर्धा तास आत बसावं लागलं असतं," बायको म्हणाली. "एवढीच काय ती भीती!"

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं त्याला. इतक्या वेळा दारापर्यंत जाऊन आपण उंबरा ओलांडला नाही, आणि आईने एकदाही तक्रार केली नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त वाईट वाटलं.

"चल, आत्ताच जाऊ दोघं."

"मी कशाला? मी जातेच की अधूनमधून. तुम्ही जा. आणि नीट मागे टेकून बसा, पाव्हण्यासारखे खुर्चीच्या टोकावर नको."

आईच्या दारात त्याने गाडी बंद केली. गल्ली एकदम शांत झाली. आई नेहमीसारखी बाहेर आली होती, डबा खिडकीपर्यंत नेलाही होता तिने. तो दार उघडून उतरला, तसा तिचा हात तिथेच थांबला.

"बंद पडली का रे?"

"नाही गं, मीच बंद केली. आत येतोय."

"आत?" तिने वाकून शेजारची रिकामी सीट पाहिली. "सूनबाई कुठाय? बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. तिनेच पाठवलंय मला."

"तिने पाठवलंय..." आईचा चेहरा उतरला. "तुझ्या थोरल्या भावाकडून काही फोन?"

"अगं आई, कुणाचा फोन नाही न् काही नाही. सहज आलोय. तुझ्याजवळ बसायला."

तो जरा जोरातच बोलला. बोलून झाल्यावर ते त्याचं त्यालाही खोटं वाटलं.

आईने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती आत गेली. तो तिच्या मागोमाग चपला काढून आत आला. तिने डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली, सावकाश बसली आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"हं, बसले मी," ती म्हणाली. "आता सांग. कोण गेलं?"