तिसरा तारा

प्रार्थनेवरच्या आपल्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य ज्यू धर्मगुरू रब्बी एल्काना सात वर्षं शोधत होते. "ते सापडलं की मी सुटलो, होदाया. मग वर तुझ्या आजीकडे जायला मोकळा," असं ते नातीला चहा पिता पिता सांगायचे, जणू बसच पकडायची आहे.

आणि वाक्य सापडलं ते नेमकं शनिवारी दुपारी, बाल्कनीतल्या लिंबाच्या सावलीत, डुलकी आणि जाग यांच्या मधोमध. खाली सगळं जेरुसलेम पेंगुळलेलं होतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीत, लिहायचं नाही, म्हणून आजोबांनी ते होदायाच्या कानात सांगितलं. "आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ संपेल. तोवर सांभाळ. माझ्या डोक्याला आता भोकं पडलीयत."

वाक्य इतकं सुंदर होतं की होदायाला वाटलं, आपण जमिनीपासून वीतभर वर तरंगतोय. दुपारभर ती तशीच तरंगत राहिली.

तिसरा तारा उगवला. आजोबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "हं, बोल."

होदायानं वहीतल्या शेवटच्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "विसरले, आजोबा."

"अख्खं?"

"अख्खं."

"आणि म्हणे शाळेत पहिला नंबर." आजोबांनी टोपण लावलं. "आता पुढच्या शनिवारपर्यंत थांबणं आलं."

पुढच्या शनिवारी, त्याच सावलीत, त्यांनी तेच वाक्य शब्दन् शब्द पुन्हा तिच्या कानात सांगितलं.

"सांभाळ," ते डोळे मिटत म्हणाले. "आणि संध्याकाळी नीट विसर."