वैद्यदेवाचा कोंबडा

“जो वैद्यदेव स्वतःच वीज पडून मेला, तो दुसऱ्याला काय जगवणार?” ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारात तरुणपणी ऐकलेला ख्रिस्ती गुरूचा तो आवाज थिओफिलच्या कानांत अजून होता.

आज तेच त्यानं खंगलेल्या आईला ऐकवलं. एक रात्र त्या देवाच्या देवळात निजावं, स्वप्नात येऊन तो दुखणं नेईल, एवढीच तिची आस होती. नवसाचा कोंबडाही खाटेला बांधला होता.

ती कष्टानं कुशीवर वळली. मग तिनंच दोरी सोडली. कोंबडा पंख झाडत अंगणात पळाला.

“बरं, तुझंच खरं. आता तुझ्या देवाला विचार, यातून मी उठेन का?”

थिओफिलनं तिचे पाय मांडीवर घेतले.

“रोज विचारतोय, आई. तो काही बोलतच नाही.”