रुमालाखाली

"आजही उशीपाशी केसांचा पुंजका होता," सासूबाई म्हणाल्या आणि केर भरलेली सुपली त्यांनी सुनेच्या पुढ्यात धरली.

"बाळंतपणानंतर गळतातच हो," दुधाच्या बाटलीचं झाकण घट्ट करत सून म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, येतील परत."

सासूबाईंची सारी नोकरी तिकिटाच्या खिडकीमागे गेली होती. समोरच्याला दोन वाक्यांत वाटेला लावायची सवय त्यांना घरीही सुटली नव्हती. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा ती दोन वाक्यं सुनेने पुष्कळ ऐकली होती. नात आली आणि बाईंचा आवाजच बदलला. आता त्या सुनेला जेवायला वाढून वर "आणखी घे गं" म्हणायच्या.

सून मात्र डोक्याला रुमाल बांधून फिरायची. न्हायला गेली की दाराला कडी घालायची, आणि न्हाणीतून बाहेर येताना रुमाल बांधलेलाच असायचा. तो संध्याकाळपर्यंत ओलसर राहायचा.

"सर्दी होईल अशाने," सासूबाई म्हणायच्या. "घरात कोण परकं आहे? सोड तो."

"नको. मलाच बघवत नाही."

रुमालाखालचं सासूबाईंच्या नजरेला पडलं तर आत्ता कुठे बसलेली घराची घडी विसकटेल, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्या आवाजातला मऊपणा तिला गमवायचा नव्हता.

नवरा एकदा रात्री हळूच म्हणाला, "किती दिवस चालायचं हे?"

"सगळ्यांचं थांबतं. माझंही थांबेल."

"आईला सांगून टाकूया का?"

"तुला तुझी आई माहीत नाही का?" ती म्हणाली. त्याने कूस बदलली.

रविवारी ती धाकट्या बहिणीकडे जायची. बहीण बसने दोनेक तासांवर एकटीच राहायची, शिवणकाम करायची. गरोदरपणात डॉक्टरांनी प्रवास बंद केला म्हणून सून तिच्याकडेच राहिली होती. सासूबाईंचे गुडघे असे, की त्यांना तिथे जाता आलं नव्हतं. आता बहिणीला बरं नसायचं. सून डबा घेऊन जायची, पोरीला आजीकडे ठेवून.

"पोरीला ने की एकदा. मावशीला तेवढंच बरं वाटेल," सासूबाई म्हणायच्या.

"तिला सध्या कुणी नको वाटतं," सून म्हणायची, आणि चपला शोधायला वाकायची.

बहिणीच्या खोलीत शिवणयंत्रावर कापड तसंच पडलेलं असायचं. बहीण विचारायची, "झोपते का गं नीट?" सून सांगायची, "झोपते." मग ती डबा उघडून बहिणीपुढे ठेवायची. निघताना बहीण कधी दारापर्यंत आली नाही.

"तुझं सोमवारी जास्त गळतं," सासूबाई एकदा म्हणाल्या. "तिथलं पाणी सोसत नसणार तुला."

"असेल," सून म्हणाली. तिने रुमालाची गाठ आणखी आवळली.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी पोर झोपली होती. सून तिचे धुतलेले कपडे घडी करत बसली होती. सासूबाई वाटीत कोमट तेल घेऊन आल्या आणि तिच्यामागे खुर्ची ओढून बसल्या.

"सोड रुमाल."

"नको ना, आई."

"माझेही गळले होते, याच्या वेळेला. हातात वेणी येईल की काय असं वाटायचं. कुणाला दाखवलं नाही मी, आणि कुणी विचारलंही नाही. त्या दिवसांत किती एकटं वाटायचं ते मी विसरले नाही. सोड."

सुनेने गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. सासूबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. जोर लावला नाही, पण थांबल्याही नाहीत. झोपलेल्या पोरीसमोर झटापट नको म्हणून शेवटी सुनेनेच हात खाली घेतले.

रुमाल सुटला. केस भसकन पाठीवर आले, कमरेपर्यंत, दाट. कुठे एक विरळ जागा नव्हती.

सुनेने डोळे मिटून घेतले. आता ती दोन वाक्यं येणार, मग सामानाची बांधाबांध, मग नवऱ्याने मधे पडणं, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. सासूबाईंनी तेलात बोटं बुडवली आणि तिच्या टाळूवर फिरवायला सुरुवात केली. बराच वेळ त्या चोळत राहिल्या. सुनेचे खांदे हलायला लागले, तरी त्यांनी हात काढला नाही.

"रविवारी जाशील ना परत?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"मग तिच्या कंगव्यातले केस आणत बसू नकोस आता," सासूबाई म्हणाल्या. "तिलाच घेऊन ये. स्वतःच्या लेकीला एकदा मांडीवर घेऊ दे तिला."