खाली सरकणारी सीट

पोहणं, सायकल आणि धावण्याची ट्रायथलॉन शर्यत महिन्यावर आली होती. कोचने त्याच्यापुढे आकडे ठेवले. रविवारी रस्त्यावर पायांची ताकद एकशे सत्तर वॅट. आठवडाभर घरात, तीच सायकल स्टँडवर लावून चालवली की कधी एकशे सत्तर, कधी थेट दोनशे.

"लोकांची ताकद घरात कमी भरते. वारा नसतो, जीव उबगतो. तुझी वाढते कशी?"

"सायकलवरचा वॅट मोजणारा मीटर बिघडला असेल."

"मग रस्त्यावर कसा नाही बिघडत? कुठेतरी पाणी मुरतंय."

घरी येऊन तो पाना घेऊन बसला. मीटर ठीक होता. सीटचा नट तेवढा ढिला असणार. रोज आवळला तरी संध्याकाळी सीट चार बोटं खाली आलेली असायची.

"नटाला काही झालेलं नाही," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "दुपारी मी चालवते. पाय पोचत नाहीत म्हणून सीट खाली घेते, परत वर करायची राहते."

त्याने हसत हसत कोचला फोन करून हे सांगितलं.

"म्हणजे दुपारचे दोनशे वॅट त्यांचे?"

"हो ना."



"फोन वहिनींना दे."