डाव्या हाताची नानकटाई

अर्धांगवायूनंतर कुमुदताईंचा उजवा हात लुळा पडला आणि त्यांचा ओव्हन बंदच झाला. गरम, जड ट्रे एका हाताने काढणार कसा? साऱ्या गोतावळ्यात वाखाणली जाणारी त्यांची नानकटाई थांबली.

सुनेने एअर फ्रायर आणला. "आई, यात ओव्हनइतकं मावत नाही. पण भांडं एका हाताने बाहेर ओढता येतं."

पहिला घाणा वरून करपला, आत कच्चा राहिला. सून पुढे झाली, तशी त्या म्हणाल्या, "तू बस. आच कमी करून बघते."

दुसरा घाणा खुसखुशीत उतरला.

"ओव्हनमध्ये एकदम पन्नास निघायच्या," त्यांचे यजमान हळहळले.

"इथे सहाच निघतात," कुमुदताई ताठ मानेने म्हणाल्या. "त्यातल्या चार शेजारी देऊन या. आणि सांगा, मी केल्यात."