शिंप्याला न्हावी ढकलतो

"आजी भात खाते," वाचा-उपचार करणाऱ्या इनागाकीबाईंनी वाचलं आणि दोन चित्रं पुढे सरकवली. तोकुजिरो आजोबांनी डाव्या हाताचं बोट बरोबर चित्रावर ठेवलं आणि म्हणाले, "बरंय."

पाच महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली, तेव्हापासून त्यांच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. त्याआधी साठ वर्षं ते लाकडी फण्या करत. एका फणीला सत्तर दात. एक जरी मनासारखा उतरला नाही, तर फणी सरळ चुलीत.

बाईंचा हा दिवसातला सातवा पेशंट. दुपार कलली होती आणि त्यांच्या आवाजातला ठेवणीतला गोडवा केव्हाच संपला होता.

पहिली दहा वाक्यं दहाही बरोबर आली. मुलगा काझुओमि सावरून बसला. दर शनिवारी तीन तास रेल्वेने यायचं, तीन तास जायचं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. फण्यांचा कारखाना विकायचा होता. तिथे अजून रोज आई एकटी फण्या घासत बसायची. तिला तो आपल्याकडे नेणार होता. गिऱ्हाईक तयार होतं. अडलं होतं कागदावर सहीऐवजी मारायच्या बाबांच्या शिक्क्यापाशी. समजून मारलेला शिक्काच चालेल, असं वकिलाने बजावलं होतं, आणि समजतं की नाही ते बाईंनी लिहून द्यायचं होतं.

"बाबांना सगळं कळतंय की. मारू द्या ना मग शिक्का?"

"थांबा हो जरा. भात काही आजीला खात नाही. तिथे नुसते शब्द कळले तरी भागतं. खरी परीक्षा आता."

त्यांनी दुसरा गठ्ठा सोडला. "शिंप्याला न्हावी ढकलतो." एका चित्रात न्हावी ढकलत होता, दुसऱ्यात शिंपी. आजोबांनी बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. "बरंय."

पुढचं चुकलं. त्याच्या पुढचंही. वीस वाक्यं संपली तेव्हा बाईंच्या कागदावर वीस फुल्या होत्या.

काझुओमिने विचारलं, पहिल्या दहांवर भागेल का. बाई म्हणाल्या, नाही भागणार. अहवालावर दोघींच्या सह्या लागतात, सोमवारी दुसऱ्या बाई पुन्हा तपासतील. पण फार आशा धरू नका. मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल, आणि गिऱ्हाईक काही तोवर थांबायचं नाही.

"काय बाबा," तो म्हणाला, "जन्मात कधी एक दात चुकला नाही तुमचा." आणि बायकोला फोन करायला बाहेर गेला.

बाईंनी फुल्या पुन्हा मोजल्या. पेन्सिल खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला.

"आजोबा, ज्याला खरंच कळत नाही ना, त्याची निम्मी उत्तरं नशिबानेच बरोबर येतात. सोमवारी दहा तरी बरोबर द्या."