सीलबंद

सातवा जबाब सहादेव फिटरसमोर ठेवताना गोरक्षला पहिल्यांदा संशय आला. आधीच्या सहा माणसांच्या सह्या झाल्या होत्या. वये वेगळी, कामे वेगळी. वाक्य मात्र सगळ्यांचे एकच : ‘जर्मन इंजिनिअर येईपर्यंत पेटीचे सील शाबूत होते.’ खरे बोलणारी माणसे इतकी एकसारखी बोलत नाहीत.

साखर कारखान्याचे जर्मन टर्बाइन पहिल्याच चाचणीत बंद पडले होते. बेअरिंगमध्ये ओल निघाली. आमचा माणूस येण्याआधीच तुम्ही पेटी उघडलीत, असे कंपनीचे म्हणणे. कारखाना ते नाकारत होता, आणि करारानुसार लवाद लंडनला बसणार होता. मोठ्या वकीलसाहेबांनी नगरहून जबाब टाइप करूनच दिले होते. त्यांच्या हाताखालच्या गोरक्षने सह्या घ्यायच्या आणि खाली ‘माझ्यासमोर’ म्हणून स्वतःची करायची. मग लंडनला साहेबांशेजारची खुर्ची त्याची. पासपोर्ट कालच हाती आला होता.

खिडकीतून मळीचा आंबूस वास येत होता.

“सहादेवराव, पेटी आली कधी?”

“गेल्या सालच्या गनपतीत.”

“आणि इंजिनिअर?”

“दिवाळी झाल्यावर.”

गोरक्ष थबकला. मध्ये खंडेनवमी होती. घोडेगावला त्याचे वडील त्या दिवशी पाभरीला, विळ्याला कुंकू लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत.

“खंडेनवमीला टर्बाइनची पूजा केलीत?”

“मंग काय नुसत्या लाकडी खोक्याची करायची व्हय?” सहादेव चमकून म्हणाला. “साता समिंदरापल्याडून आलेलं यंत्र, आन् त्याला हळदकुकू न्हाई? लई पाप लागलं असतं, सायेब.”

“नारळ?”

“फोडला की. पार आतवर पानी शिपडलं.”

“कोणी?”

सहादेव गालात हसला. “गरिबाची थट्टा करता व्हय? मान मोठ्या पाव्हन्याचा असतोय. तुमच्या मोठ्या वकीलसायबांनीच फोडला. तुमास्नी म्हाईत न्हाई?”

गोरक्षला गेल्या वर्षीचा दसरा आठवला. साहेबांनी ऑफिसात त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता : “घे, कारखान्याचा प्रसाद.” त्याने तो कपाळाला लावून खाल्ला होता.

त्याने सातही कागद पुन्हा चाळले. साहेबांचे नाव कुठेच नव्हते. प्रत्येक पानाच्या तळाशी, नीट टाइप केलेले, त्याचे स्वतःचे होते.

सहादेवने पेनचे टोपण काढले. “कुठं करू सही?”

गोरक्षने तळहात कागदावर ठेवला. सहीच्या कोऱ्या जागेवर आणि तिच्याखालच्या आपल्या नावावर.

“हात काढा की, सायेब.”

शाईचा एक थेंब निबवरून सुटला आणि त्याच्या बोटांवर पडला. गोरक्षने हात काढला नाही.